रुपयाचे बाट करताना पैसे कुठे गळतात? थायलंडला निघणाऱ्यांसाठी चलनाचा हिशेब

विमानाच्या तिकिटात पाचशे रुपये वाचावेत म्हणून लोक आठवडाभर साइट चाळतात, आणि मग निघताना विमानतळावरच्या काउंटरवर पाच मिनिटांत चलन बदलून त्याच्या कितीतरी पट पैसे सोडून येतात. यात फसवणूक कुणीच करत नाही. दर फलकावर लिहिलेला असतो, पावती मिळते, सगळं कायदेशीर असतं. फक्त तो दर चांगला की वाईट हे ताडून बघायला हाताशी काही नसतं आणि रांगेत मागे माणसं उभी असतात.

हा लेख थायलंड धरून लिहिला आहे, कारण पहिल्यांदा परदेशी निघणारी अनेक मराठी कुटुंबं बँकॉक-फुकेतलाच जातात, आणि चलनाच्या बाबतीत जे जे घोटाळे होतात ते सगळे तिथे एकत्र भेटतात. हिशेबाची पद्धत मात्र कुठल्याही देशाला चालते.

आधी खरा दर काढा

गूगलवर किंवा एक्सई या चलनदर दाखवणाऱ्या साइटवर दिसणारा दर हा बँका एकमेकींशी ज्या खरेदी-विक्रीच्या दरांनी व्यवहार करतात त्यांच्या मधला दर असतो. त्या दराने तुम्हाआम्हाला चलन कुणी देणार नाही. पण मोजपट्टी म्हणून तोच वापरायचा. समोरचा माणूस जो दर सांगेल त्यातून हा मधला दर वजा करा, उरेल त्याला मधल्या दराने भागा आणि शंभरने गुणा. येईल ती टक्केवारी म्हणजे तुम्ही मोजलेली खरी किंमत. ‘झीरो कमिशन’ ही पाटी या हिशेबात शून्य किमतीची आहे. कमिशन नाही म्हणणाऱ्याने आपली कमाई दरात घातलेली असते, आणि बहुतेक वेळा ती कमिशनवाल्यापेक्षा जास्त असते.

पुढच्या उदाहरणांसाठी आकडे सोपे धरू: डॉलर ९० रुपये, आणि एका डॉलरला ३२ बाट (बाट म्हणजे थायलंडचं चलन). म्हणजे एक बाट २.८१ रुपयांना (नेमकं सांगायचं तर २.८१२५). तुम्ही निघाल त्या दिवशीचे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब करा.

आता समजा पुण्यातल्या एका दुकानात थेट बाट २.९८ रुपयांना मिळतायत. सतरा पैशांचाच फरक, म्हणून आपण सोडून देतो. पण तो ६ टक्के आहे. त्याच दुकानात डॉलर ९०.७० ला मिळतोय, म्हणजे मधल्या दरापेक्षा पाऊण टक्का जास्त. एकाच काउंटरवर एकाच वेळी दोन चलनांच्या किमतीत एवढी तफावत का? डॉलरला रोज गिऱ्हाईक आहे, येतो तसा जातो. बाट दुकानदाराला मागवून गल्ल्यात ठेवावे लागतात, विकले न गेल्यास दर पडण्याचा धोका त्याचा. त्या धोक्याची किंमत तो तुमच्याकडून घेतो. व्हिएतनामचा डाँग, इंडोनेशियाचा रुपिया, तुर्कस्तानचा लिरा यांचंही हेच. म्हणून नियम असा: डॉलर, युरो, पाउंड, दिरहम, सिंगापूर डॉलर ही नेहमीची चलनं भारतातच घ्या. बाकीच्यांसाठी इथून डॉलर न्या आणि तिथे मोडा.

दोनदा बदलल्याने दोनदा नुकसान होतं, असं वाटणं साहजिक आहे. आकडे मात्र उलट सांगतात. ६०० डॉलर ९०.७० ने घेतले तर ५४,४२० रुपये, वर जीएसटी ९८ रुपये. बँकॉकमध्ये चांगल्या काउंटरवर ३१.८५ चा दर मिळाला तर हातात १९,११० बाट. मधल्या दरापेक्षा तुम्ही सुमारे ७७० रुपये जास्त मोजलेत, साधारण १.४ टक्के. तेवढेच बाट पुण्यात २.९८ ने घेतले असते तर ३,३०० रुपये जास्त गेले असते. एका कुटुंबाचं एका वेळचं मासळीचं छान जेवण या फरकात होतं.

रोख किती, कार्डावर किती

हॉटेल आणि देशांतर्गत विमानं घरूनच बुक झालेली असतात असं धरू. मग तिथे रोख कशाला लागते? रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, साँगथाव (मागे दोन बाकं असलेली सामायिक गाडी), लांब शेपटीच्या बोटी, बाजारातली खरेदी, मसाज, आणि राष्ट्रीय उद्यानांची प्रवेश फी. फी फी बेटांच्या उद्यानात परदेशी माणसाला माणशी ४०० बाट आणि मुलांना २०० बाट मोजावे लागतात, आणि अशा नाक्यांवर रोख हाताशी असलेली बरी. मॉल, मोठी रेस्टॉरंट, सुपरमार्केट इथे कार्ड चालतं. छोट्या दुकानांत आणि टूर विकणाऱ्या टपऱ्यांवर कार्ड घेतात, पण बऱ्याचदा वर ३ टक्के लावतात. तसं असेल तर रोखच द्या.

तिथल्या हातगाडीवरही क्यूआर कोड दिसतो आणि आपला हात आपोआप फोनकडे जातो. तो प्रॉम्प्टपेचा, म्हणजे थाई बँकांच्या व्यवस्थेचा कोड असतो. यूपीआयच्या भरवशावर थायलंडला जाऊ नका.

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, सात दिवस, मध्यम खर्चाची सहल असेल तर रोजचे ३,००० बाट रोख धरा. म्हणजे २१,००० बाट. त्यात एक-दोन बोटीच्या सहली मिळवून २५ ते ३० हजार. यातले ६०० डॉलर रोख न्यायचे आणि उरलेली रक्कम लागेल तशी एटीएममधून काढायची, ही वाटणी आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. सगळी रोख नेली तर हरवल्यावर काहीच हाती राहत नाही. सगळा भार कार्डावर टाकला तर बेटावर एकुलतं एक एटीएम बंद असतं त्या दिवशी पंचाईत होते.

भारतात डॉलर घेताना

डॉलर फक्त रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडूनच घ्यायचे. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ओळखीच्या माणसाकडून, नुकत्याच परत आलेल्या शेजाऱ्याकडून ‘दर चांगला देतो’ म्हणून घेणं हे फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याविरुद्ध आहे, शिवाय पावती नसल्याने उरलेले डॉलर परत विकताना अडचण येते.

बरोबर पासपोर्ट, पॅन कार्ड, परतीचं तिकीट आणि जिथे लागतो तिथे व्हिसा ठेवा. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं. रुपये रोख देऊन जास्तीत जास्त ५०,००० रुपयांपर्यंतचंच चलन मिळतं, त्यापुढे बँक खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. वरच्या उदाहरणातले ६०० डॉलर ही मर्यादा ओलांडतात, तेव्हा नोटांची पुडकी घेऊन दुकानात जाल तर परत यावं लागेल. एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येतात. त्याहून जास्त लागत असेल तर ते कार्डावर भरून न्यायचे. भारतीय नोटा बाहेर नेण्याची मर्यादा २५,००० रुपये आहे.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो, आणि याबाबतीत दुकानात अनेकांचा गैरसमज होतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) ही सेवेची किंमत धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे एक लाखाला १८० रुपये, आणि कितीही छोटा व्यवहार असला तरी किमान ४५ रुपये. कुणी ‘जीएसटीमुळे दर वाढलाय’ म्हणालं तर ते खरं नाही. पावतीवर दर वेगळा आणि कर वेगळा लिहून मागा.

आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपुढे परकीय चलन घेतलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे चलन विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. चार जणांच्या थायलंडच्या सहलीत हा प्रसंग सहसा येत नाही, पण मुलाच्या परदेशी शिक्षणाचे पैसे त्याच वर्षी आणि त्याच पॅनवर पाठवले असतील तर मर्यादा संपलेली असू शकते. हे आधी बघून घ्या.

खरेदीची पद्धत: निघण्याच्या चार-पाच दिवस आधी, कामाच्या दिवशी, दुपारी. शनिवार-रविवारी आंतरबँक बाजार बंद असतो आणि सोमवारी दर कुठे उघडेल याचा धोका दुकानदार आपल्या फरकात घालून ठेवतो. तीन ठिकाणी फोन करा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘सहाशे डॉलर घेतले तर सगळं धरून मला एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ नुसता दर विचारलात तर डिलिव्हरीचे, सेवेचे, कशाकशाचे पैसे नंतर निघतात. ऑनलाइन दर पक्का करून घरपोच मागवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे आणि तिथला दर बहुधा दुकानापेक्षा बरा असतो. आपली बँक हा पर्याय सर्वांत विश्वासाचा वाटतो, पण दराच्या बाबतीत ती क्वचितच पहिली येते. विमानतळ हा शेवटचा, नाइलाजाचा पर्याय.

नोटांच्या बाबतीत थोडे चोखंदळ व्हा, इथे लाजू नका. थायलंडमध्ये १०० आणि ५० डॉलरच्या नोटेला वरचा दर मिळतो, २० आणि १० च्या नोटेला त्याहून कमी, आणि १ च्या नोटेला सगळ्यात कमी. म्हणून शंभरच्याच मागा, सोबत फार तर पन्नासच्या एक-दोन. ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आलेली, मधोमध निळी उभी पट्टी असलेली नोट घ्या. जुन्या छोट्या चेहऱ्याची नोट अमेरिकेत चालते, पण आशियातले काउंटर तिला नाक मुरडतात किंवा दर कमी करतात. प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. शाईचा ठिपका, रबरी शिक्का, पेनाने लिहिलेला आकडा, कोपरा फाटलेला, मधोमध घडी इतकी पक्की की कागद पांढरा पडलाय, असं काही दिसलं तर तिथेच बदलून मागा. तिकडे गेल्यावर तीच नोट तुम्हाला परत सरकवली जाते, आणि तेव्हा ती बदलून देणारं कुणी नसतं.

कार्डांची तयारी घरीच करा

ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त भारतात वापरण्यासाठीच सुरू असतात. परदेशी वापर तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात एटीएम, दुकान आणि ऑनलाइन असे तीन वेगळे खटके असतात, आणि प्रत्येकाची रोजची मर्यादाही वेगळी. फक्त दुकानाचा खटका चालू करून एटीएमचा विसरणं ही नेहमीची चूक. हे घरी करायचं आणखी एक कारण आहे. बरीचशी बँक ॲप फोनमधल्या सिमशी बांधलेली असतात. तिकडे भारतीय सिम काढून थाई सिम घातलं की ॲप उघडत नाही आणि ओटीपीही येत नाही. तेव्हा भारतीय सिम फोनमध्ये राहू द्या, त्यावर रोमिंग चालू ठेवा आणि इंटरनेटसाठी ई-सिम किंवा दुसरी खाच वापरा.

आता खर्च. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परकीय चलनातल्या व्यवहाराला बहुतेक बँका ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलून देण्याचं जादा शुल्क) लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. गेल्या काही वर्षांत शून्य मार्कअपची कार्डं सहज मिळू लागली आहेत. परदेशी जायचं ठरल्यावर दोन महिने हातात असतील तर असं एक कार्ड काढणं ही सगळ्या लेखातली सर्वांत जास्त पैसे वाचवणारी गोष्ट आहे. घेण्याआधी बँकेचा शुल्कांचा तक्ता उघडून तीन ओळी वाचा: परकीय चलन मार्कअप किती, परदेशी एटीएममधून काढण्याचं शुल्क किती, आणि वार्षिक फी किती. जाहिरातीत पहिलीच ओळ असते.

क्रेडिट कार्डातून एटीएमवर रोख काढू नका, मार्कअप शून्य असला तरी. काढल्या क्षणी रोख काढण्याचं शुल्क लागतं आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं; खरेदीला मिळते तशी व्याजमुक्त मुदत त्याला सहसा नसते. रोखीसाठी डेबिट कार्ड, खरेदीसाठी क्रेडिट कार्ड. हॉटेलची अनामत आणि भाड्याच्या गाडीची अनामतही क्रेडिट कार्डावरच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर अनामत घेतली की तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी आठवडे लागतात. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता.

फॉरेक्स कार्डाबद्दल ट्रॅव्हल एजंट आग्रह धरतात, म्हणून थोडं सविस्तर. हे आगाऊ पैसे भरलेलं कार्ड. दर भरतानाच पक्का होतो, मूळ बँक खातं कार्डाशी जोडलेलं नसतं, हरवलं तर नुकसान भरलेल्या रकमेपुरतं. हे फायदे खरे आहेत आणि अमेरिका, युरोप, दुबईसाठी ते चांगलं चालतं. थायलंडसाठी अडचण अशी की कार्डात डॉलर भरले आणि बाटमध्ये खर्च केला तर ‘क्रॉस करन्सी’ शुल्क लागतं, तेही अनेक कार्डांत ३.५ टक्क्यांच्या घरात. काही कार्डांत बाटचा वेगळा कप्पा असतो, पण तो भरताना बाटचा तोच महागडा दर लागतो ज्याच्यापासून आपण वर सुटका करून घेतली. शून्य मार्कअप कार्ड असेल तर थायलंडसाठी फॉरेक्स कार्डाची गरज नाही.

कार्डं दोन न्या, दोन वेगळ्या बँकांची आणि शक्य तर एक व्हिसा, एक मास्टरकार्ड. दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. रुपे कार्ड परदेशात डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर चालेलच असं नाही. ते तिसरं म्हणून ठेवा.

सुवर्णभूमीवर उतरल्यावर

सुवर्णभूमी हा बँकॉकचा मोठा विमानतळ. सामान घेऊन बाहेर पडलात की समोर बँकांचे झगमगीत काउंटर ओळीने दिसतात. तिथले दर जवळपास सारखेच आणि सारखेच वाईट असतात. तिथे थांबू नका. लिफ्टने सगळ्यात खाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या मजल्यावर (बी अशी खूण असते) जा. गाडीच्या प्रवेशद्वाराजवळ सुपररिच आणि इतर खासगी चेंजरचे छोटे काउंटर आहेत. वरच्या मजल्यापेक्षा दर ठळकपणे चांगला, शहरातल्या दराच्या जवळ. दोन-तीन काउंटरचे फलक बघून मग रांगेत उभे राहा. पासपोर्ट मूळ लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

मुंबईहून निघालेलं विमान भल्या पहाटे पोचलं तर यातले काही काउंटर बंद असू शकतात. तेव्हा वर ५० डॉलरचीच नोट मोडा, टॅक्सी आणि नाश्त्यापुरती, आणि बाकीचे शहरात. म्हणूनच शंभरच्या नोटांबरोबर पन्नासच्या एक-दोन जवळ असू द्याव्यात. शहरात राजदमरी रस्त्यावर, सेंट्रल वर्ल्डच्या समोरच्या भागात सुपररिचच्या मुख्य शाखा आहेत. नारिंगी पाटीची आणि हिरव्या पाटीची अशा दोन वेगळ्या कंपन्या आहेत, दर उन्नीस-बीस. भारतीय रुपयाही तिथे घेतात, पण त्याच्या खरेदी-विक्रीच्या दरातलं अंतर डॉलरपेक्षा बरंच मोठं असतं, तेव्हा रुपये फक्त अडीअडचणीला.

फलकावर दोन रकाने असतात. तुम्ही डॉलर देताय, म्हणजे काउंटर ते विकत घेतोय: तुमच्यासाठी ‘बाइंग’ हा रकाना. नोटा खिडकीतून आल्या की तिथेच, काचेसमोर मोजा. एकदा बाजूला झालात की तक्रारीला जागा राहत नाही. हजाराच्या नोटा मिळतील. त्यातली एक तिथेच शंभराच्या नोटांत मागा, कारण टॅक्सीवाल्याकडे हजाराचे सुट्टे नसतात. तिथे न मिळाल्यास सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडा.

थेट फुकेत किंवा क्राबीला उतरणार असाल तर सुवर्णभूमीसारखा तळमजल्याचा आधार धरू नका. विमानतळावर जेमतेम गरजेपुरते मोडून बाकीचे शहरात गेल्यावर. बेटांवर दर आणखी पडतो, म्हणून बोटीत बसण्याआधी रोख पुरेशी करून घ्या.

एटीएमच्या पडद्यावर

थायलंडमध्ये परदेशी कार्डाने पैसे काढले की तिथली बँक दर वेळी २२० ते २५० बाट घेते. तुमच्या बँकेचा याच्याशी संबंध नाही आणि हे शुल्क रक्कम कितीही असली तरी तेवढंच. त्यामुळे रोज थोडे थोडे काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग. आकडे बघा. २२० बाट म्हणजे साधारण ६२० रुपये. शून्य मार्कअप डेबिट कार्डाने १०,००० बाट काढले तर हे शुल्क २.२ टक्के पडतं, २०,००० काढले तर १.१ टक्के, आणि २,००० काढले तर ११ टक्के. साध्या डेबिट कार्डावर याच्या वर ४.१३ टक्के मार्कअप आणि तुमच्या बँकेचं काढण्याचं शुल्क चढतं. ते १२५ रुपये अधिक जीएसटी धरलं, तर १०,००० बाटमागे एकूण सुमारे १,९५० रुपये जास्त जातात, म्हणजे जवळपास ७ टक्के.

आता पडदा. पिन घातल्यावर, रक्कम सांगितल्यावर यंत्र आधी २२० बाटच्या शुल्काची सूचना दाखवतं. ती स्वीकारावीच लागते. त्यानंतर दुसरा पडदा येतो आणि खरा खड्डा तिथे आहे. यंत्र म्हणतं, तुमच्या खात्यातून इतके इतके रुपये जातील, दर अमुक, मंजूर आहे का? आकडा रुपयांत असल्याने मनाला बरं वाटतं. १०,००० बाटचे खरे २८,१२५ रुपये होतात आणि पडद्यावर ३०,१०० च्या आसपास लिहिलेलं असतं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात: रुपयांत रूपांतर तुमची बँक नाही तर ते यंत्र आपल्या दराने करतं. खाली दोन बटणं असतात, ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’, किंवा ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. डिक्लाइन दाबलं तर व्यवहारच रद्द होईल या भीतीने लोक ॲक्सेप्ट दाबतात. रद्द होत नाही. ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ दाबा, पैसे बाहेर येतात आणि हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतो, जो मधल्या दराच्या अगदी जवळ असतो. क्वचित एखादं यंत्र नकार दिल्यावर खरंच व्यवहार सोडतं. तेव्हा कार्ड काढून शेजारच्या बँकेच्या यंत्राकडे जा.

काढताना शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र, शाखा उघडी असतानाच्या वेळेत. कार्ड आत अडकलं तर विचारायला माणूस असतो. पैसे आणि कार्ड दोन्ही हातात आल्याशिवाय जागेवरून हलू नका. पैसे न येता खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आला तर पडद्याचा फोटो, यंत्राचा क्रमांक आणि वेळ टिपून त्याच दिवशी आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवा.

हाच प्रश्न दुकानातल्या कार्ड यंत्रावरही येतो, आणि तिथे बटण अनेकदा दुकानदारच दाबून टाकतो. कार्ड देतानाच ‘थाई बाट, प्लीज’ म्हणा. सही किंवा पिन देण्याआधी पावतीवर ‘टीएचबी’ लिहिलंय ना ते बघा. ‘आयएनआर’ असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. रुपयांत व्यवहार झाला की दुहेरी फटका बसतो: दुकानाच्या यंत्राचा वाईट दर, आणि अनेक भारतीय बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही साधारण १ टक्का आणि जीएसटी वेगळा लावतात. शून्य मार्कअप कार्डाचा सगळा फायदा एका बटणाने जातो.

दुसरीकडे जात असाल तर

नेपाळमध्ये १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर पक्का आहे. कुणी १५५ देऊ केले तर सरळ नाही म्हणा. भूतानचं न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीने चालतं आणि आपल्या नोटा घेतात. दोन्हीकडे यूपीआयही आहे.

दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तुमच्याकडे आधीचे डॉलर पडून असतील तर ते तिथे मोडण्यात नुकसान फार थोडं. नव्याने घेत असाल तर दिरहमच घ्या. दुबई, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका इथे ठरावीक दुकानांत यूपीआय चालतं. ॲपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ आधी चालू करावं लागतं, आणि पैसे देण्याआधी पडद्यावर येणारा रुपयांचा आकडा मधल्या दराशी ताडून बघावा लागतो. यूपीआय फुकट असतं ही आपली सवय परदेशात लागू होत नाही.

व्हिएतनाममध्ये दराइतकंच रंगाकडे लक्ष द्या. २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात आणि रात्रीच्या टॅक्सीत एकीच्या जागी दुसरी दिली जाते. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

युरोपात पर्यटकांच्या गल्लीबोळांत निळ्या-पिवळ्या रंगाची स्वतंत्र एटीएम दिसतात, बँकेची नव्हेत. रूपांतराचा प्रश्न ती सगळ्यात आग्रहाने विचारतात. बँकेच्या भिंतीतलं यंत्र शोधा. प्रागमध्ये चलन बदलताना दर वाईट मिळाला असं नंतर लक्षात आलं तर घाबरू नका: एप्रिल २०१९ पासून चेक कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. अर्थात पावती हवी.

परतताना आणि परतल्यावर

शेवटच्या दोन दिवसांत मोठी रक्कम काढू नका. उरलेल्या बाटचं काय करायचं याचा क्रम असा: आधी हॉटेलचं किरकोळ बिल रोख बाटने भरा आणि उरलेलं कार्डाने. विमानतळावर जेवण बाटने घ्या. तरीही मोठ्या नोटा उरल्या तर सुवर्णभूमीच्या त्याच तळमजल्यावर डॉलर करून घ्या. भारतात बाट विकायला गेलात तर घेतानाचा फरक पुन्हा एकदा, उलट्या बाजूने, मोजावा लागेल. नाणी कुठलाच काउंटर घेत नाही, ती आधी संपवा.

उरलेले डॉलर २,००० पर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी परत करावे लागतात. पुढची सहल वर्षभरात असेल तर दोन-चारशे डॉलर ठेवून देणंच शहाणपणाचं: विकताना एकदा आणि पुन्हा घेताना एकदा असे दोन फरक वाचतात. कोरड्या पाकिटात, घडी न घालता, खरेदीच्या पावतीसकट ठेवा. फॉरेक्स कार्ड घेतलं असेल तर त्यातली शिल्लक बघा. काही कार्डांवर बरेच महिने वापर नसेल तर दर महिन्याला काहीतरी कापलं जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. पुन्हा लागणार नसेल तर रिकामं करून बंद करा.

घरी पोचल्यावर आठवड्याभरात कार्डाचं विवरण उघडून प्रत्येक ओळ पावतीशी ताडून बघा. रक्कम बाटमध्ये लिहिली आहे का, मार्कअप कबूल केल्याप्रमाणे आहे का, हॉटेलची अनामत सुटली का. न विचारता रुपयांत लावलेला व्यवहार सापडला तर बँकेकडे लेखी तक्रार करता येते, कारण ग्राहकाला चलनाची निवड देणं व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बंधनकारक आहे. तक्रारीबरोबर पावतीचा फोटो जोडा. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून फोटो त्याच दिवशी, हॉटेलच्या खोलीत परतल्यावर काढून ठेवलेला असावा.